हात झाकणारी डबी

या, असे पुढे सरका. मागे बसून ही गोष्ट नीट ऐकू यायची नाही, कारण ती मोठ्या आवाजात सांगवतच नाही मला. पाय अवघडले तर खुशाल लांब करा. मी तुम्हाला महिपतीच्या हाताची गोष्ट सांगणार आहे. हसवीन असं कबूल करत नाही. पण शेवटपर्यंत बसलात तर एका भल्या माणसाची ओळख होईल, एवढं कबूल करतो.

महिपती आमच्या पोलादपूरकडचा. कशेडी घाट चढायला लागतो, त्याच्या अलीकडच्या वाडीतला. भाताची चार खाचरं, एक म्हैस, बायको आनंदीबाई आणि मुलगी पूजा, असा संसार. पण महाड-पोलादपुरात लोक त्याला ओळखायचे ते बेस गिटारवाला म्हणून. महाडच्या 'सावित्री बीट्स' ऑर्केस्ट्रात तो चार जाड तारांची ती गिटार वाजवायचा. हळदीला, सत्यनारायणाला, गणपतीत. गाणारा आणि ढोलकीवाला लोकांना दिसतात. बेसवाला मागे उभा असतो, आणि त्याचा आवाज कानाआधी बरगड्यांना कळतो.

हात मात्र घडला होता मृदंगावर. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो गावच्या सप्ताहात कीर्तनाच्या साथीला बसायचा. तुम्ही कीर्तन ऐकलंय ना? बुवा चरण गर्जून म्हणतात, टाळकरी उसळतात, आणि मग बुवा एकदम आवाज खाली आणतात. इतका खाली, की मांडवातलं रडतं मूलसुद्धा गप्प होतं. अख्खा गाव पुढे झुकतो. त्या वेळी मृदंगावर नुसती फुंकर घातल्यासारखं वाजवायला हात लागतो, आणि तो महिपतीचा होता. देव कुठे असेल तर त्या खाली आलेल्या आवाजात असतो, असं मला आपलं वाटतं. महिपतीनं तीच समज गिटारीत नेली. गाणाऱ्याचा श्वास कमी पडला की ह्याचा बेस हलका व्हायचा, नाचणारे पेटले की भरून यायचा.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत ते बिनसलं. ऑर्केस्ट्राचा मालक रामजी, कीबोर्डही तोच वाजवायचा. एका कार्यक्रमानंतर वायरी गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "मैपत, तुझ्या हातात काय शिरलंय रे? एक ठोका म्हशीसारखा अंगावर येतो, पुढचे तीन बेपत्ता."

"तारा जुन्या झाल्यात."

"तारा आषाढात बदलल्या. आता तूच जुना झालास म्हणायचं काय?"

सगळे हसले, महिपतीही हसला. पण रामजीचं बोलणं हसण्यावारी नव्हतं. त्यानं आणलेल्या नव्या कीबोर्डवर डाव्या हातानं बेस वाजत होता. तसे कीबोर्ड आल्यापासून बऱ्याच ऑर्केस्ट्रांनी बेसवाल्यांना नारळ दिला होता.

आता महिपतीला काय झालं होतं, ते मी तुमच्यापासून झाकून ठेवत नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर होत चालली होती. कोपराखाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता, त्यावर कधी घाम यायचा नाही. तो महारोग होता. दवाखान्यात कुष्ठरोग म्हणतात. वेळेवर गाठला तर सरकारी गोळ्यांनी पुरता बरा होतो, हात हातासारखा राहतो. पण महिपतीला तेव्हा ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बेस वाजवणाऱ्याच्या बोटांना घट्टे पडतात, कातडं जाड होतं, तार टोचेनाशी होते. नव्या पोराची बोटं सोलतात, जुन्या गड्याची सोलत नाहीत, त्याचा अभिमान असतो ह्या लोकांत. महिपतीला वाटलं घट्टे वाढले. बधिरपणाला तो आपली कमाई समजला. फक्त एक अडचण होती, की आपण तार जोरात छेडली की हळू, हे बोटाला कळत नव्हतं.

ही अडचण दूर केली नझीरनं. नझीर म्हणजे महाडच्या बाजारातला साउंडवाला. 'सावित्री बीट्स'चे स्पीकर, माइक, मिक्सर सगळं त्याचं. महिपती आणि तो एकाच टेम्पोत बसून जिल्हाभर हिंडलेले. रामजीचं बोलणं नझीरच्या जिवाला लागलं. त्याचा भाऊ इरशाद मस्कतला होता. रमजान ईदला घरी यायचा होता. त्याच्याकडून नझीरनं एक वस्तू मागवली आणि ईद झाल्यावर महिपतीला घरी बोलावलं.

वस्तू होती साबणाच्या डबीएवढी, लोखंडी, निळी. वर दोन बटणं फिरवायची, खाली एक पायानं दाबायचं. दाबलं की लाल दिवा लागायचा.

"काय हाय हे?" महिपतीनं विचारलं.

"कंप्रेसर."

"तो पंक्चरवाल्याकडं असतो तो?"

"तो हवा दाबतो, हा आवाज दाबतो. गिटारीची वायर हिच्यात, हिची वायर पुढे स्पीकरच्या खोक्यात. जोरात मारलंस तर ही दाबते. हळू मारलंस तर उचलते. बाहेर सगळं एका उंचीचं."

"म्हणजे घरातल्या सासूसारखी."

नझीरची बायको महरुन्निसा चहा घेऊन येत होती. ती म्हणाली, "सासू नुसती दाबते, महिपतभाऊ. उचलताना मी तरी कुणाची बघितली नाय."

महिपतीनं गिटार गळ्यात घातली. डबी बंद ठेवून वाजवली, तेव्हा आवाज दगडगोट्यांच्या वाटेवरून चालल्यासारखा आला. मग पायानं बटण दाबलं. दगडगोटे गेले. एकेक सूर समोर येऊन उभा राहू लागला, पोटभर लांबू लागला. महिपतीनं पुन्हा वाजवलं, पुन्हा वाजवलं. मग मान वर करून नझीरकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"नझीरभाई, माझा हात परत आला."

महरुन्निसानं ओढणीच्या टोकात धरून आणलेला स्टीलचा पेला त्याच्यापुढे केला. त्यानं तो उजव्या हातात घेतला आणि तसाच धरून डबीबद्दल बोलत बसला. चहातून वाफ निघत होती. ती बघत राहिली.

"हात भाजत नाय काय हो?"

"बेसवाल्याचा हात, भाभी. चामडं झालंय त्याचं."

तो गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "त्याच्या हाताचं काय ते बघा एकदा. दवाखान्यात न्या." नझीर म्हणाला, "घट्टे आहेत गं. सगळ्या वाजवणाऱ्यांना असतात." त्याला तसंच वाटत होतं. खोटं तो बोलला नाही.

तो लग्नसराईचा हंगाम झकास गेला. रामजी खूश झाला, कीबोर्डवरचा डावा हात त्यानं पुन्हा सूर भरायला लावला. बेस खाचरात फळी मारल्यासारखा सरळ वाजत होता आणि नाचणाऱ्यांना तेच हवं होतं. गाणाऱ्याचा श्वास कमी पडला तरी बेस आता हलका होत नव्हता. पण हळदीच्या गर्दीत ते कुणाला कळणार? एरवी कुणीतरी म्हणालं असतं, मैपत, पुन्हा बिघडलं तुझं. मग दुखणं विचारलं असतं, हात पाहिला असता. आता कुणी काही म्हणेना, कारण बिघडलेलं बाहेर येतच नव्हतं.

पावसाळ्यात कार्यक्रम नसतात. लावणीत महिपतीच्या हातातून रोपांची मूठ सुटायला लागली. भाद्रपदात चुलीतलं लाकूड सारताना करंगळी भाजली, ती त्याला फोड आल्यावर दिसली. दिवाळीनंतर वाडीत आरोग्य खात्याच्या दोन बाया घरोघर हिंडत आल्या. त्यांच्याकडे चट्ट्यांची रंगीत चित्रं होती. असा डाग कुणाच्या अंगावर आहे का, बधिर आहे का, विचारत होत्या. लाजू नका, गोळ्या घेतल्या की बरं होतं, असं चांगलं समजावून सांगत होत्या. महिपतीनं चित्र पाहिलं. सदऱ्याची दुमडलेली बाही खाली ओढली आणि म्हणाला, "आमच्यात नाय कुणाला."

तो का असं बोलला, ते समजून घ्या. खालच्या वाडीतला चांगू ह्याच रोगानं बोटं झडून गोठ्याशेजारच्या खोपटात मेला होता. त्याच्या भावाच्या मुलींना स्थळ आलं नाही ते नाहीच. आणि पूजाची सुपारी नुकती फुटली होती. मुलगा बिरवाडीकडचा, शाळेत शिपाई, घरचं बरं. लग्न वैशाखात धरलं होतं.

त्या बाया पायवाट उतरून गेल्या, तेव्हा आनंदीबाईनं दार लोटलं. "दाखवा बाही वर करून."

त्यानं दाखवली. तिनं चट्ट्यावर नख टोचलं. तो तिच्या तोंडाकडेच बघत होता.

"उद्या पोलादपूरला दवाखान्यात जाव."

"तिथं कंपाउंडर आपल्या आळीचा हाय. संध्याकाळपर्यंत बिरवाडीला कळंल."

"मग महाडला जाव."

"महाडात तर मला पोर न पोर वळखतं. आनंदे, पूजावर अक्षता पडू देत. मग तू नेशील तिथं येतो."

"आनि तवर हात?"

"तवर डबी हाय."

आनंदीबाई हे मला सांगताना तेवढ्या शब्दाशी थांबली होती. तिला डबी म्हणजे नक्की काय, हेही ठाऊक नव्हतं. नवऱ्याला बघितलं की धीर येतो अशी ती वस्तू आहे, एवढंच तिला कळत होतं.

तेव्हापासून महिपती डबीवरचं एक बटण प्रत्येक कार्यक्रमाला केसभर पुढे सरकवू लागला. जेवढं बटण पुढे, तेवढी ती जास्त दाबायची आणि जास्त उचलायची. माघात बटण मध्यावर होतं, चैत्रात ते जवळजवळ शेवटाला टेकलं. हात तेवढा मागे गेला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. तो दोनच बोटांनी वाजवायचा आणि बाकीची तळव्यात मिटून घ्यायचा. लोकांना वाटायचं, ही ह्याची लकब.

पूजाची हळद वाडीतच होती. मुलीच्या हळदीला स्वतः वाजवायचं, असं महिपतीनं केव्हाचं ठरवलं होतं आणि रामजीनं सगळा ऑर्केस्ट्रा प्रेमानं आणला होता. दुपारी मांडवात नझीर साउंड लावत होता. बेसच्या खोक्यातून सूं असा आवाज येत होता, सापानं फुत्कार धरून ठेवावा तसा. नझीरनं वायरी बदलल्या, अर्थिंग तपासलं. मग वाकून डबी पाहिली. बटण शेवटाला टेकलेलं.

"कुणी फिरवलं हे इतकं? हळू आवाज उचलते तशी ही खरखरपण उचलते. मागे घे ते."

"राहू दे, नझीरभाई."

"राहू दे काय? थांब, आधी डबीशिवाय ऐकू दे." आणि नझीरनं हातानंच बटण दाबून डबी बंद केली. "वाजव."

महिपतीनं वाजवलं नाही.

"अरे वाजव की. नवरदेव आहेस का लाजायला?"

त्यानं वाजवलं. एक सूर धाडकन आला. पुढचा आलाच नाही. त्यापुढचा तारेवर बोट घसटून गेल्यासारखा. मग दोन एकदम. पंधरा वर्षं त्या हाताला ओळखणारा नझीर मिक्सरशी उभा राहून ऐकत होता. माइक लावणारा रामजी काहीतरी थट्टा करायला वळला आणि हातातला माइक त्यानं खाली ठेवला.

नझीर त्याच्याजवळ गेला. त्याचा उजवा हात त्यानं आपल्या हातात घेतला. "डोळे मीट. मी कुठलं बोट दाबतोय सांग."

"मधलं," महिपती म्हणाला.

नझीरनं करंगळी दाबली होती, नख पांढरं पडेपर्यंत.

"केव्हापासून?"

"डबीच्या आधीपासून."

नझीरनं तो हात सोडला नाही. महरुन्निसाचं बोलणं त्याला तेव्हा आठवलं. वर्षभर आपण ह्याला ऐकतोय असं त्याला वाटत होतं, आणि तो ऐकत होता ती मस्कतहून आलेली डबी. मग त्यानं महिपतीला ओढलं. "चल. टेम्पो खाली उभा आहे. आत्ताच्या आत्ता चल."

"उद्या दुपारी अक्षता हायत. आत्ता गेलो तर बिरवाडीकर परत फिरतील. परवा तू म्हणशील तिथं येतो, तुझ्या टेम्पोत मागं बसून येतो. आत्ता ती चालू कर."

"महिपत, हात जाईल तुझा."

"पोरीचं लगीन मोडण्यापेक्षा बरं."

नझीरनं रामजीकडे पाहिलं. रामजीनं मान खाली घातली. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बाया हळद कुटत होत्या, पूजाला कुणीतरी चिडवत होतं आणि ती हसत होती. नझीर गुडघ्यावर बसला आणि त्यानं डबी चालू केली. लाल दिवा लागला.

संध्याकाळी वाडी नाचली. बेस फळीसारखा सरळ वाजला. मधेच कधीतरी सगळ्यात जाड तारेवर गुंडाळलेली बारीक तार उसवली आणि तिचं टोक महिपतीच्या बोटात घुसत राहिलं. त्याला ते कळलंच नाही. गाणी संपल्यावर हळदीनं माखलेली पूजा बापाच्या पाया पडायला वाकली, तेव्हा तिला त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल ओघळ दिसला.

"बाबा, हे काय लागलं?"

"कुंकू हाय गो," महिपती म्हणाला आणि हात पाठीमागे घेतला.

लग्न लागलं, वऱ्हाड गेलं. दुसऱ्या दिवशी नझीर टेम्पो घेऊन आला आणि त्याला दूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथला डॉक्टर भला माणूस होता. त्यानं हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "रोग जाईल. गोळ्या नीट घ्या, रोग नक्की जाईल. पण मेलेली नस आता उठायची नाही. बधिरपणा सुरू झाल्यावर थोड्या महिन्यांत आला असतात, तर औषधानं ती वाचवायला बघता आली असती. एवढे दिवस कळलं कसं नाही?"

नझीरला ह्याचं उत्तर ठाऊक होतं.

तारेची जखम घरच्या फडक्यात चिघळली होती. पावसाळा लागायच्या आत दोन बोटं काढावी लागली. बातमी बिरवाडीला पोचायची ती पोचलीच. पहिल्या दिवाळीला पूजाला माहेरी पाठवलं नाही. संक्रांतीला ती स्वतःच एस्टीत बसून आली. बापाचा हात मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "मला इचारलं असतंत, तर मी थांबले असते."

"म्हणून तर नाय इचारलं," महिपती म्हणाला.

त्या साली सप्ताहात तो कीर्तनाला गेला. मृदंगाला दुसरा कुणी होता. महिपती मांडवाच्या कडेला बसला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चटई रिकामी राहिली होती. कीर्तन रंगलं, बुवांनी आवाज खाली आणला, गाव पुढे झुकला, तोही झुकला. आरती झाली. मग आपल्याकडची रीत, लहानथोर न बघता सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचं. समोरच्या माणसात देव आहे असं मानून पडायचं. ती रांग वाकत वाकत महिपतीपर्यंत आली आणि त्याला वळसा घालून पुढे गेली. बुवा पुढच्या बाजूला हारांत अडकले होते, त्यांना काही दिसलं नाही. माझ्या विठोबाच्या मांडवात हे घडलं. ते मी गाळून सांगितलं, तर कीर्तन ऐकून मला काय लागलं?

महिपती हात जोडून तसाच उभा होता. समोर कुणी नव्हतं, म्हणून तो मोकळ्या जमिनीला वाकला. तेव्हा बायकांच्या बाजूनं आनंदीबाई उठली. सगळ्या मांडवातून चालत पुरुषांच्या बाजूला आली, त्याचा तो तुटका हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला आणि पदर घेतलेल्या डोक्यावर ठेवला. कितीतरी वेळ ठेवला. तरी कुणी पुढे आलं नाही.

गोळ्यांनी रोग गेला, डॉक्टरांनी तसं सांगितलं. पण हातासारखाच एक पायही बधिर झाला होता; त्यात खाचरातला काटा मोडला, कळला नाही, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याच जखमेचं विष अंगात भिनून महिपती गेला. खांद्याला माणसं कमी पडत होती. नझीर आणि रामजी महाडहून आले, नझीरनं तिरडीला खांदा दिला, आणि पूजा नवऱ्याला न विचारता आली.

डबीचा दोष नव्हता, असं नझीर म्हणतो. मोठ्या मोठ्या वाजवणाऱ्यांकडे ती असते आणि चांगल्या हाताला ती चांगली साथ करते. पण आजही कुणी बेसवाला त्याच्याकडे आला, की तो आधी सगळ्या डब्या काढून ठेवायला लावतो. नुसती गिटार, नुसती वायर. जवळ उभा राहून ऐकतो. एखादा सूर पडला, तर हात पुढे कर म्हणतो आणि बोटं दाबून विचारतो, कुठलं? पोरं त्याला हसतात. एकाचं बधिर बोट त्यानं असंच वेळेवर पकडलं. तो पोरगा बरा झाला, अजून वाजवतो.

आता उठाल, घरी जाल. माझं एकच मागणं आहे. रात्री निजताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याच्या मागोमाग महिपतीचं एकदा घ्या. हळू घेतलंत तरी चालेल.